मोठ्याबाईचं बोट

चैत्र सरत आला की आमच्या कामरगावच्या गल्लीला एक आंबूस वास सुटतो. भिजलेल्या गव्हाचा. तीन दिवस पाण्यात बसलेला गहू चौथ्या दिवशी वाटला, गाळला, की त्याचा चीक तळाशी बसतो आणि वर निवळी येते. तो वास एकदा नाकात गेला की दुपारपर्यंत निघत नाही. नव्या सुना पदर नाकाला लावतात. मी मात्र ओट्यावर बसून मुद्दाम लांब श्वास घेते. पूर्वी या दिवसांत गल्लीतल्या प्रत्येक घरातून हा वास यायचा. आता दोन-तीन घरं उरलीत. यंदा त्यांत आमचं घर आहे, ते माझ्या नातीमुळे.

वैष्णवी, माझ्या लेकाची लेक, कारंज्याला कॉलेजात जाते आणि उरलेल्या वेळात मोबाईलवर गावातल्या बायकांचं वाळवण विकते. कुरडया, मुगवड्या, बिबड्या. मजकूर मी लिहिते. सदुसष्टाव्या वर्षीसुद्धा माझा धंदा चालू आहे, फक्त कागद गेला आणि काच आली. तर परवा ही पोरगी मोबाईलची तिपाई घेऊन माझ्यापुढे उभी राहिली.

"आजी, तुझे हात पाहिजेत."

"दोनच हायेत. कोनता देऊ?"

"मस्करी नको ना. तू फक्त सोऱ्या फिरवायचा. तोंड दिसणार नाही, नुसते हात. आणि वर लिहायचं, 'आजीच्या हातची कुरडई'."

मी हसले. इतकी हसले की कवळी सावरावी लागली. आणि मग उठून आत गेले, कारण हसू जिथं संपलं तिथं पुढं काय येणार हे मला ठाऊक होतं. ते शब्द पंचवीस वर्षांपूर्वी मीच लिहिले होते. तेव्हा मी कोणाचीच आजी नव्हते. चांगली बेचाळीस वर्षांची, ताठ मानेची, बी.ए. झालेली बाई होते.

त्या बाईबद्दल थोडं सांगितलं पाहिजे. मला ती फारशी आवडत नाही, पण तिच्यासारखी करमणूक दुसरी नाही. तिनं घराच्या भिंतीवर निळ्या रंगात लिहून घेतलं होतं: 'जाहिरातीचा मजकूर लिहून मिळेल'. गावात कोणाला मजकूर हवा आहे याची तिनं चौकशी केलेली नव्हती. मराठी घेऊन बी.ए. केलं म्हणजे लोक शब्दांसाठी दारात रांग लावतील, असा तिचा समज. पहिलं गिऱ्हाईक आलं ते पिठाच्या गिरणीचे मालक. बाईसाहेबांनी दोन दिवस खपून त्यांना लिहून दिलं, 'सुवर्णकणांचे अमृतचूर्णात रूपांतर'. मालकांनी कागद उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "बाई, पीठ बारीक निघते का नाई, थे लिवा ना."

हळूहळू जमलं. कापडवाले आले, ताडपत्रीवाले आले, शिकवणीचे सर आले. ऑटोवर भोंगा बांधून गावोगाव फिरवायचा मजकूर वेगळा, हातात वाटायचा कागद वेगळा, हे कळलं. भोंग्याचं वाक्य ऑटो दारावरून पुढं जाईपर्यंत संपलं पाहिजे. हातातला कागद मात्र बाई चुलीपुढं बसून वाचेल, मग त्यात दुसऱ्यांदा वाचावंसं काही हवं. बाजाराच्या दिवशी लोक ओट्यावर येऊन बसत, चहा पीत, आपल्या मालाबद्दल सांगत राहत, आणि मी ऐकता ऐकता त्यांचंच एखादं वाक्य उचलून त्यांनाच परत देई. माणसं खूश होत. 'मजकूरवाल्या बाई' म्हणून मला कामरगावपासून मानोऱ्यापर्यंत ओळखू लागले. मान आणखी ताठ झाली.

पण मजकूर चांगला व्हायचा त्याचं कारण मी नव्हते. त्याचं कारण माझी जाऊ होती.

कौसल्या तिचं नाव, पण घरात आणि गल्लीत सगळे तिला मोठीबाईच म्हणत. माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. थोरले दीर लवकर गेले, मूलबाळ नव्हतं. ती आमच्यातच राहिली आणि माझी दोन्ही पोरं तिच्या मांडीवर वाढली. चौथीपर्यंत शिकलेली. वाचायची ते बोट ठेवून, एकेक शब्द मोठ्यानं उच्चारत. मी लिहिलेला प्रत्येक मजकूर आधी तिच्यापुढं ठेवायची. तिचं बोट ओळीखालून सरकत जाई आणि एखाद्या शब्दाशी थांबे.

"अडकलं वं, लहाने."

बस, तेवढंच. चूक काय, बरोबर काय, ती सांगत नसे. बोट अडकलं की शब्द बदलायचा, हा आमचा नियम. 'रूपांतर' बदलून 'होते' झालं. 'दर्जेदार' गेलं, 'टिकते' आलं. बी.ए.ला तीन वर्षांत जे शिकवता आलं नाही, ते त्या बोटानं शिकवलं.

त्या बोटावर कोड होतं. दोन्ही हातांवर, मनगटापर्यंत, आणि ओठांच्या कडेला थोडं. लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी उमटायला लागलं आणि पसरत गेलं. पेरं पांढरी आणि मधली कातडी सावळी, असे तिचे हात. मला आठवतं तेव्हापासून ते तसेच होते, त्यामुळे ते तसे आहेत हे आमच्या कोणाच्या ध्यानातही नसे. माझी पोरं लहानपणी त्या डागांवर बोट फिरवत झोपायची. लेक म्हणायची, हा ससा, हा ढग.

वाळवणाच्या दिवसांत तर हे हात अख्ख्या गल्लीचे असत. आमच्याकडे अशी रीत की आज सगळ्या जणी एकीच्या घरी, उद्या दुसरीच्या. पण चीक शिजवायला प्रत्येक घरी मोठीबाईच लागे. पहाटे चूल पेटली की बोलावणं येई. चीक शिजत आला की ती बोट पाण्यात बुडवून त्या रटरटणाऱ्या चिकाला नुसतं टेकवी आणि सांगे, "अजून थोडा." किंवा, "उतरव वं, झाला." ते बोट काय वाचत होतं, कोणाला ठाऊक. तिनं 'झाला' म्हटलेल्या चिकाची कुरडई कधी तुटली नाही, की तळताना कढईत बसून राहिली नाही. मग बाजांवर जुनी पातळं पसरायची, सोऱ्यातून गोल गोल पांढऱ्या तारा पडायच्या, आणि शेवटी लोंबणारं टोक ती अंगठ्यानं मधोमध दाबून टाकी. तिच्या प्रत्येक कुरडईच्या पोटात तो एक खळगा असे. बाजेवर चार घरच्या कुरडया एकत्र वाळत असल्या तरी मोठीबाईच्या कोणत्या, ते लहान पोरही सांगे. पोरं वाटीत गरम चीक घेऊन, वर तेल घालून खात बसलेली. कडुलिंबाचा मोहोर चिकावर गळतो म्हणून बायका ओरडत असलेल्या. आणि ऊन असं, की पातळ अंथरेपर्यंत पाय भाजावेत. त्या गर्दीत कोणी कधी तिच्या हातांकडे पाहिलं नाही. म्हणजे सगळ्याच पाहत होत्या, पण अंगठ्याकडे.

त्या वर्षी वाशीमला बायकांच्या मालाचं प्रदर्शन भरणार होतं. माझ्याच डोक्यातून निघालं की मोठीबाईच्या कुरडया तिथं न्यायच्या. दुसऱ्यांच्या मालाला मजकूर देते, घरच्याला का नको? ती एवढी हरखली, की गहू स्वतः निवडायला बसली. "लहाने, माह्यावर काय लिवशीन वं?" असं दिवसातून दोनदा विचारी. मी म्हणे, "पाहा तर खरं."

माझ्या धंद्यातली एक अक्कल मी तोवर कमावली होती: गिऱ्हाईकाच्या डोळ्यानं पाहायचं. मी पाहिलं. वाशीमची एक बाई, धुतलेली साडी, हातात पाकीट, आणि पाकिटामागं उभी मोठीबाई. त्या बाईच्या डोळ्यानं मी माझ्या जावेचे हात पहिल्यांदाच पाहिले. आणि मला वाटलं, ही घेणार नाही. कोड लागत नाही, अन्नातून तर नाहीच, हे मला चांगलं ठाऊक होतं. आमच्या गावात तर ते कोणी कोणाला समजावण्याचीही गरज पडली नव्हती. चुलीपुढच्या अडाणी बायकांना जे सहज जमलं होतं, ते या शिकलेल्या बाईला जमलं नाही. ती वाशीमची बाई कोणीच नव्हती हो. ती मीच होते.

मी कारंज्याला छापखान्यात गेले. त्यांच्याकडं चित्रांचा गठ्ठा असे, त्यातून एका गोऱ्या, सुरकुतलेल्या, नाकात नथ घातलेल्या म्हातारीचं चित्र निवडलं. खाली लिहिलं, 'आजीच्या हातची कुरडई'. त्याखाली चार ओळींत आजीची गोष्ट: ऐंशी वर्षांची आजी, पणजीकडून आलेली रीत, मऊसूत हात. होय, मऊसूत हात असंच लिहिलं. आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच, मजकूर मोठीबाईच्या बोटाखालून न नेता तसाच छापायला दिला. छापून झाल्यावर दाखवू, तिला गंमत वाटेल, असं मी स्वतःला सांगितलं. ज्या दिवशी लिहिणारी बाई स्वतःला असं सांगते, त्या दिवशी तिच्या मजकुरात काय असतं, ते तिला पक्कं माहीत असतं.

पाकिटं आली. तिनं एक उचललं, चित्र पाहिलं, मग बोट ठेवून वाचलं. "आ-जी-च्या." बोट पुढं गेलं. "हा-त-ची." आणि तिथं थांबलं. मी वाट पाहिली, ती 'अडकलं' म्हणेल म्हणून. तिनं तसं म्हटलं नाही. विचारलं, "हे कोन बुढी होय वं?"

"अशीच. गिऱ्हाईकाला बरं वाटतं."

"बरं," ती म्हणाली आणि पाकीट परत ठेवलं. इतकं नीट ठेवलं, की मला वाटलं, पटलं तिला. मी किती मूर्ख होते ते या एका 'वाटलं'वरून कळावं.

वाशीमला तीन दिवस. मी पुढं, टेबलामागं. ती माझ्यामागच्या कापडी पडद्याआड, पाकिटं भरायला. वर आणखी शहाणपणा म्हणून मी तिला प्लास्टिकचे हातमोजे आणून दिले होते. "सगळेच घालतात आता," असं म्हणाले होते. कुरडया पहिल्याच दिवशी संपत आल्या. दुपारी एक हसऱ्या चेहऱ्याची बाई आली, तिथंच तळून ठेवलेला तुकडा खाल्ला, डोळे मिटले.

"अहो, आजी कुठंयत तुमच्या? मला त्यांचा हात हातात घ्यायचाय एकदा."

अगदी असंच म्हणाली. आणि मजकूरवाल्या बाईंनी पटकन उत्तर दिलं, "त्या थकल्यात हो. गावीच असतात."

पडद्यामागं प्लास्टिकची पिशवी वाजत होती, ती वाजायची थांबली. पडद्याला हात लावून तो बाजूला करायला कितीसा वेळ लागला असता? ती बाई खरंच तिथं उभी होती, हात पुढं करून. ती माझ्या डोक्यातली वाशीमची बाई नव्हतीच. तिनं हात घेतला असता की नसता, ते मला आज सांगता येत नाही. मी तिला संधीच दिली नाही. तिला नाही आणि मोठीबाईला तर नाहीच.

तिसऱ्या दिवशी परतताना जीपमध्ये आम्ही शेजारी बसलो होतो. माणसं खच्चून भरलेली, उन्हं उतरलेली, कापूस निघून गेलेली रिकामी वावरं दोन्ही बाजूंनी मागं पळत होती. ती खिडकीबाहेर पाहत होती. उतरायच्या थोडं आधी, बाहेर पाहतच म्हणाली, "लहाने, तुह्या आजीले माहा नमस्कार सांगजो."

मी हसले. त्या वेळी हसले मी. तिलाही हसू येईल म्हणून तिच्याकडं पाहिलं. तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले होते.

प्रदर्शनात लोकांनी आणखी मागणी नोंदवली होती. ती सगळी तिनं पुरी केली, अर्ध्यावर सोडायचा तिचा स्वभाव नव्हता. पण हातमोजे काढले नाहीत. चुलीपुढं, वैशाखात, प्लास्टिकचे हातमोजे! मी म्हणाले, "अवं, घरात कशाला?" ती म्हणाली, "गिऱ्हाईकाले बरं वाटते." मोज्यातल्या बोटाला चिकाचा ताव कळेना. कुरडया तडकू लागल्या, पाकिटात त्यांचा चुरा होऊ लागला. आणि त्यांच्या पोटात खळगा नव्हता. मोज्याचा अंगठा चिकाला चिकटतो, म्हणून तिनं टोक दाबणंच सोडलं होतं.

पुढच्या वर्षी वास सुटला, बोलावणी आली. शेजारच्या शांताबाई पहाटेच दारात. "मोठीबाई, चला ना, चीक चढवला." ती आतूनच म्हणाली, "माह्या हातचं नोका खाऊ वं आता."

शांताबाई माझ्याकडं पाहत राहिल्या. "काहून वं? काय झालं यायले?"

"तब्येत बरी नाही," मी म्हणाले. माझा आणखी एक मजकूर.

ती पुन्हा कोणाच्या चुलीपुढं गेली नाही. माझ्या लेकीच्या लग्नात रुखवत मांडताना बायकांनी हात धरून ओढलं, तरी ती भिंतीशी बसून राहिली, हात पदराखाली. माझे कागदही वाचेना. मी पुढं ठेवले की म्हणे, "चष्मा नाई माहा." चष्मा कपाळावर असे. धंदा चालू राहिला, वाढलासुद्धा. पण तेव्हापासूनचा माझा एकही मजकूर मला पूर्ण झाल्यासारखा वाटला नाही. कुठं अडकतोय ते सांगणारं कोणी नव्हतं, म्हणून सगळीकडंच अडकत राहिला.

माफी मागायला शब्द नव्हते असं मी म्हणणार नाही. शब्दांचा तर कारखानाच होता. मी कच्चे कागद केले, एकात 'क्षमा' लिहिलं, एकात 'चुकले', एकात आधी तिचं कौतुक आणि मग हळूच चूक, जसं गिऱ्हाईकाला आधी चव दाखवतात. वीस वर्षं गेली. शेवटच्या आजारपणात तिच्या उशाशी बसले आणि सुरुवात केली. "मोठीबाई, त्या वाशीमच्या वेळी मी..." वाक्य चांगलं जमत होतं. तिनं डोळे उघडले.

"मजकूर नोको करू, लहाने."

रागानं नाही. थकून. आणि पदराखालचा हात काढून तो तिनं माझ्या मांडीवर ठेवला. डाग आता कोपरापर्यंत पोचले होते. मी तो हात हातात घेतला. तो मऊसूत नव्हता. राठ होता, जन्मभर चुलीशी वागलेला, आणि अजून ऊन होता. ती गेली त्याला चार वर्षं झाली.

तर परवा वैष्णवीला मी हे सगळं सांगितलं. पोरगी खाली मान घालून ऐकत होती. मग म्हणाली, "पण आजी, तुला खरंच सोऱ्या फिरवता येत नाही?"

"कधी फिरवलाच नाही. मी लिहायची, ती करायची."

मी माळ्यावरचा डबा काढायला लावला. तळाशी कागदात गुंडाळलेल्या पाच कुरडया आहेत, त्या प्रदर्शनाच्या आधीच्या घाण्यातल्या. इतक्या वर्षांत त्यांचा रंग पिवळसर झालाय, पण पोटातला खळगा तसाच आहे. मी त्यात माझा अंगठा ठेवून पाहिला. बसत नाही. वैष्णवीनं त्याचा फोटो काढला, हात न दिसणारा, नुसत्या खळग्याचा. मी खाली मजकूर लिहून दिला. कुरडया कशा करायच्या, कोण करायची, तिच्या हातावर काय होतं आणि मी काय केलं, ते सगळं. म्हातारीचं चित्र नाही, पणजी नाही.

"आजी, यात विकायचं काय आहे?" वैष्णवीनं विचारलं.

"काहीच नाही."

"बरं," म्हणाली आणि गावातल्या बायकांच्या ग्रुपवर तिनं ते पाठवलं. थोड्या वेळानं शांताबाईंचा आवाज मोबाईलमधून आला. पंच्याहत्तरी गाठली, तरी भोंग्यासारखा आवाज: "लय चांगलं लिवलं वं बाई. आमाले त तवाच समजलं होतं. पन जिनं वाचाले पायजे होतं, थे गेली ना वं."

वैष्णवी बंद करायला धावली. मी म्हटलं, राहू दे. खरं तेच बोलल्या त्या.

मग मी तिच्याकडून मोबाईल मागून घेतला आणि ओट्यावर येऊन बसले. समोरच्या बाजेवर पातळ पसरलेलं, त्यावर दुसऱ्या कोणाच्या तरी हातच्या कुरडया वाळत होत्या. मी मजकुराच्या पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं आणि एकेक शब्द मोठ्यानं वाचत गेले, तिच्यासारखी. काचेवर बोट ठेवलं की अक्षरं पळतात, पुन्हा खेचून आणावी लागतात. 'कौसल्याबाईंच्या' इथपर्यंत नीट आले. पुढं 'हात' होता.

बोट अडकलं.

अडकलं की शब्द बदलायचा, असा आमचा नियम. मी बोट तिथंच ठेवलं. शब्द बदलला नाही.